कारणाच्या रकान्यात 'व्यावसायिक गरज' : संचालक मंडळास एक खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ आणि प्रकल्प सुकाणू समितीचे सर्व सदस्य

विषय : रिक्वायरमेंटच्या मंजुरीला घातलेली पंधरा दिवसांची मुदत, बदल-विनंत्यांवर लावलेले वजा गुण आणि साठा-व्यवस्थापन प्रणालीच्या चौकशीत काढलेला 'मानवी चूक' हा निष्कर्ष

सन्माननीय सदस्यहो,

गेली अठरा वर्षे मी मोठ्या संस्थांमध्ये रिक्वायरमेंट विश्लेषक म्हणून काम करते आहे. प्रणाली वापरणाऱ्याला नेमके काय हवे आहे ते विचारायचे, प्रोग्रॅमरला कळेल आणि टेस्टरला तपासता येईल अशा वाक्यात, म्हणजेच रिक्वायरमेंटमध्ये, ते उतरवायचे आणि गो-लाइव्हपर्यंत, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत, त्या वाक्याचा अर्थ वाटेत सांडू द्यायचा नाही, एवढेच माझे काम. आपल्या नव्या साठा-व्यवस्थापन प्रणालीच्या ६१२ रिक्वायरमेंटपैकी सुमारे दोनशे मी लिहिल्या आहेत आणि ज्या एका ओळीमुळे हे पत्र लिहावे लागते आहे ती ३४७ क्रमांकाची ओळही माझीच आहे. तेव्हा स्वतः नामानिराळी राहून मी इतरांकडे बोट दाखवणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

या विषयावर मी तीन अंतर्गत टिपणे दिली. पहिल्याची पोच मिळाली, दुसरे 'योग्य त्या विभागाकडे' गेले आणि तिसऱ्याचे काय झाले ते मला माहीत नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. संस्थेचे नाव मुद्दाम गाळले आहे, कारण जे आपल्याकडे घडले ते आपल्यापुरते नाही. हजारो माणसे आणि डझनभर विभाग असलेल्या कोणत्याही संस्थेत काम केलेल्या वाचकाला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल.

मागच्या महिन्यात आपल्याकडून एकाच दिवशी दोन कागद निघाले. पहिला चौकशी अहवाल. साठ्यात पाच महिने सापडत राहिलेल्या तफावतीचे मूळ कारण 'रात्रपाळीतील कर्मचाऱ्यांकडून चुकीच्या तारखांची नोंद, म्हणजेच मानवी चूक' असल्याचे त्यात म्हटले आहे. उपाय म्हणून फेरप्रशिक्षण सुचवले आहे आणि रात्रपाळीच्या एका स्टोअरकीपरला मेमो दिला आहे. दुसरा कागद परिपत्रकाचा. यापुढे प्रत्येक प्रकल्पाच्या रिक्वायरमेंट कामाच्या पंधरा दिवसांत साइन-ऑफ, म्हणजे सह्यांनिशी मंजूर, व्हाव्यात आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक बदल-विनंतीमागे, म्हणजे मंजूर रिक्वायरमेंट बदलून मागणाऱ्या विनंतीमागे, संबंधित विभागाच्या वार्षिक मूल्यमापनात गुण वजा व्हावेत, असा तो आदेश आहे. दोन्ही कागदांवरच्या सह्या निरनिराळ्या आहेत, आणि ते शेजारी ठेवून कुणी वाचले असतील असे मला वाटत नाही. वाचले असते तर पहिल्या कागदात ज्या रोगाची लक्षणे आहेत, तोच रोग दुसऱ्या कागदाने औषध म्हणून लिहून दिला आहे हे ध्यानात आले असते.

आता ३४७ क्रमांकाच्या ओळीविषयी. ती अशी होती : 'परत आलेल्या मालाची नोंद माल आल्याच्या दिवशीच करता यावी, त्यानंतर प्रणालीने ती स्वीकारू नये.' ही मागणी लेखा विभागाची होती आणि रास्त होती. परत आलेला माल लोक सवडीने मागच्या तारखेला चढवत, त्यामुळे महिनाअखेरीस बंद केलेले हिशेब त्यांना पुन्हा उघडावे लागत. प्रोग्रॅमरने 'दिवस' या शब्दाचा जो अर्थ कुणीही घेईल तोच घेतला, म्हणजे रात्री बाराला संपणारा. गोडाऊनमध्ये मात्र दिवस म्हणजे पाळी, आणि रात्रपाळी दहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपते. अकरा चाळीसला ट्रक लागतो, माल उतरवून, मोजून, फुटतूट बाजूला काढून स्टोअरकीपर संगणकापाशी येतात तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात, आणि चलनावरची तारीख टाकली की पडद्यावर लाल अक्षरांत येते : 'तारीख ग्राह्य नाही.' माल तर समोर पडलेला आहे आणि सकाळच्या पाळीला जागा मोकळी हवी आहे. मग ते त्या दिवसाची, म्हणजे चलनाच्या दुसऱ्या दिवसाची, तारीख टाकतात आणि नोंद पुढे सरकवतात. चलन एक तारीख सांगते, प्रणाली दुसरी. महिन्याच्या शेवटच्या रात्री आलेला माल तर पुढच्याच महिन्यात जाऊन बसतो, म्हणजे लेखा विभागाला जे टाळायचे होते तेच उलट्या दिशेने घडते.

चौकशी सुरू असताना मी एका रात्री त्या गोडाऊनमध्ये जाऊन बसले. स्टोअरकीपरांनी टेबलाच्या खणातून एक लांबट, कडक पुठ्ठ्याची वही काढून माझ्यापुढे ठेवली. पट्टीने आखलेले तीन रकाने होते : मालाचा क्रमांक, चलनावरची तारीख, 'कॉम्प्युटरची' तारीख. पाच महिन्यांतली अशी एकही नोंद सुटलेली नव्हती. त्यांना ही वही कुणी ठेवायला सांगितली नव्हती. उद्या कुणी विचारले तर सांगता यावे म्हणून ते स्वतःच लिहीत होते. कोणता माल खरोखर कधी आला याचा एकमेव विश्वसनीय पुरावा आज संस्थेकडे असेल तर तो ही वही आहे. चौकशी अहवालात तिचा उल्लेख आहे, 'अनधिकृत समांतर नोंदी' असा, आणि मेमोतला दुसरा आरोप तिच्याच आधारे ठेवला आहे.

ही गोष्ट आम्हाला आधी का कळली नाही? कारण रिक्वायरमेंटचे वर्कशॉप सकाळी अकरा वाजता होते. रात्रपाळीची माणसे तेव्हा घरी झोपलेली असतात. मी 'गोडाऊन प्रतिनिधी' असे निमंत्रण पाठवले, दिवसपाळीचे सुपरवायझर आले, त्यांनी मान डोलावली आणि मी इतिवृत्तात 'गोडाऊन विभागाची सहमती' असे लिहिले. त्याहून मोठी चूक पुढची. आपल्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक रिक्वायरमेंटपुढे 'कारण' असा एक रकाना असतो आणि तो रिकामा ठेवला तर फाइल पुढे जात नाही. साइन-ऑफला एक दिवस उरला होता. मी पहिल्या ओळीत 'व्यावसायिक गरज' असे लिहिले आणि माऊसने तो शब्द शेवटच्या ओळीपर्यंत ओढला. ६१२ रिक्वायरमेंट, ६१२ वेळा एकच कारण. त्या फाइलवर अकरा सह्या आहेत. अकरापैकी एकाही सही करणाऱ्याने हा रकाना वाचला नाही हे उघड आहे. ३४७ व्या ओळीपुढे 'बंद झालेले हिशेब पुन्हा उघडावे लागू नयेत' एवढे जरी मी लिहिले असते, तरी प्रोग्रॅमरने किंवा टेस्टरने विचारले असते की मग अडथळा महिनाअखेरीला घालू या, रोज रात्री बारा वाजता कशाला?

यावरून माझी पहिली तक्रार परिपत्रकातल्या मुदतीविषयी आहे, पण ती वेळ कमी पडतो एवढ्यापुरती नाही. मुदत असावी. रिक्वायरमेंट गोळा करण्याचे काम वर्षभर रेंगाळलेले प्रकल्प मी पाहिले आहेत, आणि एकाच अहवालाच्या रकान्यांचा क्रम सात वेळा बदलून मागणारा विभागही पाहिला आहे. जास्त पाने म्हणजे जास्त स्पष्टता असेही नाही. अमेरिकेच्या एफबीआयने 'व्हर्च्युअल केस फाइल' ही तपासकामाची प्रणाली बनवायला घेतली तेव्हा रिक्वायरमेंटचा दस्तऐवज ८०० पानांहून मोठा होता. तरीही मागण्या बदलत राहिल्या आणि २००५ मध्ये, सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाल्यावर, प्रकल्प गुंडाळावा लागला. माझा आक्षेप असा की पंधरा दिवस कशासाठी, हे परिपत्रकात कुठेच नाही. लिहायला पंधरा दिवस पुष्कळ झाले. मात्र ज्याच्या हाताखाली ही प्रणाली रोज चालणार त्या माणसाला शोधायचे, त्याच्या पाळीत जाऊन बसायचे आणि तो तोंडाने सांगतो त्याहून वेगळे हाताने काय करतो ते पाहायचे, याला किती दिवस लागतील ते विभागांची संख्या आणि पाळ्या पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. मुदत सर्वांना सारखी ठेवली की पहिली काट याच कामावर बसते, कारण ते न केल्याचे कागदावर दिसत नाही.

दुसरी तक्रार कारणाच्या रकान्याची, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे. कारण हरवलेली रिक्वायरमेंट मरत नाही. ती पुढच्या प्रणालीत, तिथून त्याच्या पुढच्या प्रणालीत जात राहते आणि ती का आहे हे विचारायची कुणाला सोय उरत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुमारे चाळीस सेकंदांत संपले. ६४ बिटांतली एक संख्या १६ बिटांत बसवताना प्रणालीने हात टेकले, हे बहुतेकांनी वाचलेले असते. पण ज्या हिशेबात ती संख्या निघत होती, त्या हिशेबाची अग्निबाण जमिनीवरून उठल्यानंतर काहीच गरज नव्हती. आधीच्या एरियान ४ मध्ये उलटी मोजणी ऐन वेळी थांबली तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी म्हणून तो हिशेब उड्डाणानंतरही थोडा वेळ चालू ठेवत असत. एरियान ५ ची तयारीची पद्धत वेगळी होती, ते कारण तिथे लागूच नव्हते. हिशेब मात्र तसाच चालू राहिला. काही संख्यांना संरक्षण न देण्याचा निर्णयही सर्वसंमतीने झालेला होता, पण त्यामागची गृहीते कागदपत्रांच्या ढिगात अशी गाडली गेली होती की बाहेरून तपासणाऱ्याच्या नजरेला ती पडणे कठीण होते, असे चौकशी मंडळाने नोंदवले. गृहीत धरलेली गोष्ट दडवण्याचा कुणाचा हेतू नव्हता. आमच्या ६१२ ओळींतही कुणाचा नव्हता.

रिक्वायरमेंट अभियांत्रिकीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ/आयईसी/आयईईई २९१४८, प्रत्येक रिक्वायरमेंटसोबत ती कुठून आली आणि का आली हे नोंदवायला सुचवते. आपल्या गुणवत्ता धोरणात अशा मानकांचा गौरवाने उल्लेख आहे. टेम्प्लेटमध्ये रकानाही आहे. फक्त तो भरला जातो, लिहिला जात नाही.

तिसरी तक्रार बदल-विनंत्यांवरच्या वजा गुणांची. यावर फार लिहायला नको, कारण परिणाम दिसू लागले आहेत. परिपत्रक निघाल्यापासूनच्या चार आठवड्यांत माझ्या गटाकडे फक्त दोन बदल-विनंत्या आल्या. त्याआधी महिन्याला वीस-पंचवीस येत. सुकाणू समितीच्या आढाव्यात हा आकडा 'शिस्तीत सुधारणा' म्हणून दाखवण्यात आला. गुण जायच्या भीतीने विभागांनी सांगायचे सोडले आहे, आणि प्रत्येक न सांगितलेल्या बदलामागे कुठेतरी एक वही किंवा एक्सेलची फाइल सुरू झाली असेल. व्यवसाय बदलला म्हणून आलेली विनंती आणि आम्हीच नीट ऐकले नव्हते म्हणून आलेली विनंती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकाच मापाने मोजून दुसरीबद्दलही ऐकून न घेतलेल्या विभागालाच दंड करणे, हे तर उफराटेच झाले.

चौथी तक्रार 'मानवी चूक' या दोन शब्दांविषयी आहे. आपल्या चौकशांमध्ये 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत वापरली जाते. ती टोयोटाच्या कारखान्यांतून आली आणि चांगली आहे, पण आपल्याकडे ती एखाद्या कर्मचाऱ्यापर्यंत पोचली की तिथेच थांबते, मग तो दुसरा प्रश्न असो की चौथा. साठ्यात तफावत का? तारखा चुकीच्या. त्या चुकीच्या का? स्टोअरकीपरांनी तशा टाकल्या. इथे अहवाल संपतो. त्यांनी तशा का टाकल्या, हा पुढचाच प्रश्न विचारला असता तर बाण माझ्याकडे आला असता, आणि त्यापुढचा विचारला असता तर वर्कशॉपच्या वेळा, साइन-ऑफची घाई आणि सुकाणू समितीने ठरवलेली गो-लाइव्हची तारीख इथवर. उतरणीवरून पाणी सोडावे तशी आपली चौकशी नेहमी खालच्या दिशेनेच वाहते.

मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचताना गमावले गेले. एका सॉफ्टवेअरने यानाच्या इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड या इंग्रजी एककाच्या हिशेबात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन या मेट्रिक एककाच्या हिशेबात वाचले. न्यूटन वापरावे, अशी रिक्वायरमेंट लेखी होती. म्हणजे ज्या प्रोग्रॅमरकडून ती पाळली गेली नाही त्याच्या नावाने मेमो काढून मोकळे होणे सोपे होते. चौकशी मंडळ तिथे थांबले नाही. यानाचा मार्ग अपेक्षेप्रमाणे नाही ही शंका मार्गदर्शन करणाऱ्या गटाला आली होती, ती योग्य ठिकाणी का पोचली नाही. जमिनीवरच्या सॉफ्टवेअरची कसून पडताळणी का झाली नाही. त्या गटाला पुरेशी माणसे आणि प्रशिक्षण का नव्हते, हे सगळे अहवालात आले. चूक माणसाकडून होणारच, ती पकडण्याची व्यवस्था का निकामी झाली, हा त्यांचा प्रश्न होता.

याच्या उलट टोकाचे उदाहरण ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचे आहे आणि ते लिहिताना मला त्या वहीची आठवण होते. १९९९ पासून तिथल्या शाखांमध्ये 'होरायझन' ही संगणकीय हिशेब-प्रणाली आली. ती अनेक शाखांमध्ये प्रत्यक्षात नसलेली तूट दाखवू लागली. तूट दिसली की शाखा चालवणारा माणूस चोर, असा निष्कर्ष निघत असे. तुमच्याशिवाय कुणाचीच तक्रार नाही, असे त्यांच्यापैकी अनेकांना सांगण्यात आले. ९०० हून अधिक जण दोषी ठरवले गेले, काही तुरुंगात गेले. प्रणालीतच दोष होते हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्यांतल्या शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपल्या गोडाऊनमधली तफावत त्यापुढे किरकोळ आहे, हे मला कळते. पण प्रणाली बरोबरच असणार आणि माणूस चुकला असणार, ही जी सुरुवात आहे ती दोन्हीकडे सारखीच आहे.

गुणवत्ता-व्यवस्थापनातले नामवंत डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी आपल्या अनुभवावरून अंदाज केला होता की ९४ टक्के अडचणी व्यवस्थेच्या असतात आणि व्यवस्था ही व्यवस्थापनाची जबाबदारी असते. आकडा वादाचा ठरू शकतो. आपल्या 'धडे-नोंदवही'त मात्र गेल्या तीन वर्षांच्या एकवीस नोंदी आहेत आणि त्यांपैकी एकोणीस नोंदींसमोर उपाय म्हणून 'प्रशिक्षण द्यावे' असे लिहिले आहे. एकाही नोंदीसमोर 'निर्णय बदलावा' असे नाही.

पाचवी गोष्ट तक्रारीपेक्षा निरीक्षण म्हणून मांडते. मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की कोणतीही संस्था जी प्रणाली घडवते तिच्यावर त्या संस्थेच्या अंतर्गत संवादाचा साचा उमटतो. आपल्याकडे लेखा विभाग आणि रात्रपाळी कधीच एकमेकांशी बोलत नाहीत. ३४७ व्या ओळीत तेच उमटले.

माझ्या मागण्या अशा आहेत.

स्टोअरकीपरांना दिलेला मेमो मागे घ्यावा, तसे त्यांच्या सेवापुस्तकात लेखी नोंदवावे आणि त्यांची वही पोच देऊन तफावत दुरुस्तीसाठी अधिकृत पुरावा म्हणून स्वीकारावी. ही मागणी सर्वांत आधी मान्य व्हावी. बाकीच्या चर्चेला वेळ लागला तरी चालेल. मेमो कुणाला तरी द्यायचाच असेल, तर ३४७ व्या ओळीखाली नाव कुणाचे आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

बदल-विनंत्यांवरचे वजा गुण ताबडतोब स्थगित करावेत. विनंत्या मोजायच्याच असतील तर त्या कोणत्या कारणाने आल्या ते मोजावे, आणि 'आधी नीट समजले नव्हते' या कारणाचा हिशेब विभागाकडे न मागता आमच्याकडे मागावा.

पंधरा दिवसांच्या सरसकट मुदतीऐवजी प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला किती विभाग, किती पाळ्या आणि किती प्रकारचे वापरकर्ते आहेत हे लिहून त्यावरून मुदत ठरवावी. ज्या पाळीत प्रणाली वापरली जाणार त्या पाळीतल्या किमान एका माणसाची सही असल्याशिवाय साइन-ऑफ पूर्ण मानू नये. ही चर्चा त्यांच्या कामाच्या वेळेत व्हावी, झोपेच्या वेळेत नव्हे, आणि तो वेळ कामाचा म्हणून धरावा. अंतिम चाचणीही प्रत्येक पाळीत व्हावी.

कारणाच्या रकान्यात 'व्यावसायिक गरज', 'वरिष्ठांची सूचना', 'जुन्या प्रणालीप्रमाणे' असे शेरे स्वीकारू नयेत. ज्या रिक्वायरमेंटचे कारण सांगणारा माणूस सापडत नाही ती मंजूर करू नये. यामुळे ६१२ च्या जागी कदाचित ४०० ओळी राहतील, आणि मला त्याचे वाईट वाटणार नाही.

शेवटची मागणी आपल्याला सर्वांत अवघड वाटेल. 'मानवी चूक' या निष्कर्षावर कोणताही चौकशी अहवाल बंद होऊ नये. ती चूक शक्य करणारा किंवा भाग पाडणारा निर्णय कोणता आणि तो कोणत्या स्तरावर झाला, याचे उत्तर अहवालात असलेच पाहिजे, मग तो स्तर सुकाणू समितीचा असला तरी. चौकशी समितीत त्या प्रकल्पाशी संबंध नसलेला किमान एक सदस्य असावा आणि अहवाल ज्यांच्याविषयी आहे त्यांना तो अंतिम होण्यापूर्वी वाचायला मिळावा. आमच्या स्टोअरकीपरांना तो मेमोबरोबर मिळाला.

हे सगळे केल्याने पुढच्या प्रकल्पाला थोडा उशीर होईल, हे मी नाकारत नाही. साठा-प्रणाली मात्र ठरलेल्या तारखेलाच सुरू झाली होती आणि त्यानिमित्त झालेल्या समारंभात आमच्या गटाला स्मृतिचिन्हही मिळाले होते. ते माझ्या टेबलावर आहे. त्याच्या शेजारच्या पडद्यावर आज सकाळी मी ३४७ व्या ओळीच्या दुरुस्तीची माझी स्वतःची बदल-विनंती उघडून पाहिली. दाखल केल्याला अकरा आठवडे झाले आहेत. स्थिती : प्रलंबित. शेरा : 'विभागाने वजा गुणांस संमती दिल्यावर विचार करता येईल.'

या पत्राचे लेखी उत्तर आपल्या पुढच्या बैठकीपूर्वी मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
३४७ व्या ओळीची लेखिका
रिक्वायरमेंट विश्लेषक, साठा-व्यवस्थापन प्रकल्प